चाकामागचे तेल

बैलगाडीच्या दिवसांत तुंब्याबाहेर ओघळलेले काळे वंगण ही मालकाच्या दक्षतेची खूण समजली जाई. चाक उतरवायचे, एरंडेलात भिजवलेली चिंधी आखावरून फिरवायची, चाक पुन्हा चढवून खीळ मारायची आणि गाडी जुंपायची. दोन-चार मैल गेल्यावर तुंब्याच्या कडेने वंगण डोकावू लागले की समजायचे, गाडीला काही कमी पडू दिलेले नाही. वंगण नसलेली गाडी कुईकुई करीत गावभर मालकाची अब्रू घालवीत हिंडे. ते वंगण बाहेर पडण्यासाठीच असे; ते पडे म्हणून पुन्हा घालावे लागे आणि पुन्हा घालणे हेच माणसाचे काम.

ट्रॅक्टरने हा न्याय उलटा केला. त्याच्या मागच्या आसाभोवतीचे तेल आतच राहायला हवे. ते बाहेर दिसले की काहीतरी बिघडले आहे असे समजावे. पण बैलगाडी आमच्या घरातून गेली तरी तिचा न्याय गेलेला नाही, हे मला गेल्या मार्गशीर्षात कळले. डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने टायरवर एक काळा ओघळ आला होता आणि त्यावर धूळ बसून त्याचा जाड लेप झाला होता. मी तो वहिनींना दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "वंगण हाय ते भावजी. चाकाला वंगण नको व्हय?"

आमचे गाव निपाणीपासून फार लांब नाही. पूर्वी आमच्याकडे सगळी तंबाखू; आता निम्म्याहून जास्त ऊस. वडिलांनी १९८२ साली पी.एल.डी. बँकेचे कर्ज काढून मॅसी फर्ग्युसन १०३५ घेतला, तेव्हा मी हायस्कूलला होतो. या ट्रॅक्टरचे घराणे मोठे आहे. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाने नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढत न नेता तीन दांड्यांनी त्याच्याशी जोडण्याची युक्ती रूढ केली. त्याचा छोटा करडा ट्रॅक्टर १९४६ पासून इंग्लंडात कॉव्हेंट्रीला तयार होऊ लागला. १९५३ मध्ये त्याची कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसशी एकत्र आली, पुढे पस्तीस अश्वशक्तीचे मॉडेल निघाले आणि १९६० साली मद्रासला स्थापन झालेल्या टॅफे कंपनीमार्फत ते घराणे आपल्या रानांत उतरले. त्यातला एक लाल ट्रॅक्टर आमच्या दारात आला. मी शिकलो, मराठीत एम.ए. झालो, मास्तर झालो, हेडमास्तर झालो. दादा त्या लाल ट्रॅक्टरवरच राहिला.

२०१९ मध्ये दादा गेला. त्यानंतर ट्रॅक्टर त्याच्या मुलाकडे आला. पोरगा कामाला वाघ आहे. नांगरट, रोटर, उसाची ट्रॉली, सगळे एकटा करतो. पण या यंत्राबाबत त्याचे एक दुखणे आहे, आणि ते मी समजू शकतो. बापाने जे जे या ट्रॅक्टरवर केले ते ते आपणही करायचे, असा त्याचा हट्ट. दादा दरसाल मार्गशीर्ष पौर्णिमेला भावकीतली माणसे ट्रॉलीत घालून सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला न्यायचा. संकेश्वर-गोकाकमार्गे जायचे, वाटेत मुक्काम, डोंगरावर चूल, परडी भरायची आणि परत. मालाच्या ट्रॉलीत माणसे बसवणे कायद्यात बसत नाही, हे मी दादालाही सांगत होतो. तो हसून म्हणायचा, "आई बघून घेती." दादा गेल्यावर मध्ये काही वर्षे जाणे झाले नव्हते. गेल्या वर्षी वहिनींचा नवस फेडायचा होता, बावीस माणसे ठरली होती आणि पौर्णिमेला नऊ दिवस उरले होते. अशा वेळी मला तो ओघळ दिसला.

पुतण्याला विचारले तर म्हणाला, "काका, तेल थोडं लीक आहे, पण फार नाही. डावीकडचा ब्रेक जरा कमी लागत होता, तो मी आवळून घेतलाय."

ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, हे वाचकांपैकी बहुतेकांना माहीत असेल. पण शहरातल्या नातेवाइकांसाठी सांगतो. शेतात वळताना नुसते डावे किंवा नुसते उजवे चाक धरून ठेवता यावे म्हणून ही सोय. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल कडीने जोडून एकच करावे लागतात. आमच्या जुन्या १०३५ मध्ये प्रत्येक मागच्या चाकामागे एक ड्रम आहे. त्याच्या पोटात दोन अर्धगोल ब्रेकशू आणि त्यांवर लायनर. चाक ज्या आसावर फिरते तो आस याच ड्रमच्या मधून बाहेर येतो. म्हणजे मागच्या पेटीतले तेल आसाच्या कडेने निघाले की सरळ ड्रममध्येच उतरते. टायरवर दिसते ते वाहून उरलेले. जे दिसत नाही ते लायनर प्यालेले असते.

तेल प्यालेला लायनर ड्रमवरून नुसता सरकतो. तो कितीही आवळला तरी सरकतोच. मग पेडल दाबले की उजवे चाक थांबते आणि डावे चालत राहते. मोकळ्या रानात याने फार तर सरी वाकडी पडेल. पण निपाणीच्या दक्षिणेला तवंदी घाट आहे. जाताना तो चढायचा. येताना, यात्रा आटोपून, माणसे पेंगुळलेली असताना, तोच उतरायचा. मागच्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही. ती बावीस माणसांसह ट्रॅक्टरला मागून ढकलणार आणि पुढे एकाच चाकाने धरलेले. मी विज्ञानाचा शिक्षक नाही, पण हे गणित मांडायला विज्ञान लागत नाही.

घरात दोन दिवस जरा धुसफूस झाली. वहिनींचे म्हणणे, नवसात मोडता घालू नये. पुतण्याचे म्हणणे, यात्रा करून येतो, मग उघडू. मी एवढेच म्हणालो की मिस्त्रीला एकदा दाखवू, तो म्हणेल तसे करू. मिस्त्री माझाच विद्यार्थी. दहावीला मराठीत त्याला मी कसाबसा पुढे ढकलला होता. आज निपाणी भागात फर्ग्युसन उघडायचा तर लोक त्याचेच नाव घेतात. त्याने ट्रॅक्टर पाहिला, ओघळाला बोट लावले, बोट नाकाशी नेले. "गिअरचं तेल हाय सर. आतलं सील गेलंय, भायेरचंबी गेलंय. पण सील बदलून भागत न्हाई. सील का गेलं ते बगाय पायजे."

आमच्या खात्यात 'सील' म्हटले की प्रश्नपत्रिकांची पाकिटे आणि लाखेचा ठसा डोळ्यांपुढे येतो. मिस्त्रीचे सील म्हणजे तळहाताएवढे रबरी कडे. पाठीला पत्र्याचे कवच, आतल्या कडेला पातळ ओठ आणि ओठाच्या मागे केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग. ती स्प्रिंग ओठाला फिरत्या आसावर हलकेच दाबून धरते. जोर लागला तर ओठ जळतो, सैल पडला तर तेल जाते. पूर्वी अशी सीले चामड्याची असत. या ट्रॅक्टरला प्रत्येक बाजूला दोन सीले आहेत. एक आतले, आसाच्या लांबट नळीत बसवलेले. पेटीतले तेल त्याने अडवायचे. दुसरे बाहेरचे, बेअरिंगच्या पलीकडचे. त्याने बेअरिंगचे ग्रीस राखायचे. आतले गेले की तेल बेअरिंगवर येते, ग्रीस धुऊन नेते आणि मग बाहेरच्या सीलवर धडका देत बसते.

काम आमच्याच खळ्यात झाले. पुढच्या चाकांना दगड लावले. डावी बाजू जॅकने चांगली उंच उचलून आसाच्या नळीखाली लाकडी ओंडके आणि लोखंडी घोडी दिली. उंच उचलण्यात खुबी अशी की पेटीतले तीसएक लिटर तेल उजवीकडे कलते आणि ते सगळे काढावे लागत नाही. चाकाचे आठ नट सुटले. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेले; असले चाक आडवे पडले तर चौघांना उचलत नाही आणि पायावर पडले तर पाय राहत नाही. ते उभेच लोळवत नेऊन भिंतीला टेकवले. मग ड्रमचे दोन स्क्रू. ते चाळीस वर्षांच्या गंजाने असे धरलेले की छिन्नी लावून फिरवावे लागले.

ड्रम निघाला आणि आत काळा चिखल होता. तेल, ग्रीस आणि झिजलेल्या लायनरची पूड यांचा तो काला. मिस्त्रीच्या पोराने सवयीने फुंकर मारायला तोंड पुढे केले, तेव्हा मी त्याला मागे ओढले. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचे आणि ती पूड छातीत जाऊ नये, एवढे मी वाचलेले होते. ओल्या फडक्याने पुसून घेतल्यावर मिस्त्रीने पुतण्याला म्हटले, "दाब बोटानं." त्याने लायनरवर अंगठा दाबला. स्पंज दाबावा तसे त्यातून तेल आले.

पुतण्या बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला. मग विहिरीवर गेला, हात धुतले, घरात गेला. आत काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. संध्याकाळी वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, "माघातबी आईची जत्रा असतीया. तवा जाऊ." भावकीतली बाकीची माणसे दुसऱ्याच्या गाडीने गेली. ती निघाली त्या पहाटे आमचा ट्रॅक्टर तीन चाकांवर खळ्यात उभा होता आणि पुतण्या दाराआड.

हे काम लांबण्याचे कारण या ट्रॅक्टरच्या रचनेतच आहे. आसाच्या बाहेरच्या टोकाला चाक बसायची चकती एकजीव घडवलेली. तिच्या मागे सील, सीलमागे बेअरिंग आणि बेअरिंग सरकू नये म्हणून त्याच्यामागे तापवून बसवलेली पोलादी कॉलर. म्हणजे अडीचशे रुपयांच्या सीलला हात लावायचा तर आधी आस ओढून काढा, मग कॉलर फोडा, मग बेअरिंग दाबून काढा, तेव्हा कुठे सील. ब्रेकची पाठपट्टी सोडून आस बाहेर काढला, तेव्हा पाठपट्टीच्या बैठकीत कागदासारख्या पातळ पत्र्याच्या शिमा निघाल्या. त्या होत्या तशा, होत्या त्या क्रमाने, मिस्त्रीने तारेत ओवून खुंटीला टांगल्या. आसाला आत-बाहेर किती खेळ राहील ते या शिमा ठरवतात, आणि तो खेळ काही हजारांश इंचांचा असतो.

सील का गेले ते येथे कळले. मिस्त्रीने बेअरिंग कानाशी धरून फिरवले. आतून खरखर आली. आतल्या वाटीला देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले होते. बेअरिंग सैल म्हणून आस डुगडुगणारा, आस डुगडुगणारा म्हणून सीलचा ओठ एका अंगाने दबलेला आणि दुसऱ्या अंगाने उघडा. शिवाय जुन्या सीलने त्याच जागी वर्षानुवर्षे घासून आसावर एक चर पाडला होता. नखाला लागण्याइतका. नुसते नवे सील घातले असते तर चार महिन्यांत तोच ओघळ परत आला असता. भर म्हणून, ट्रॅक्टर नेहमी खळ्याच्या उतारावर, डावे चाक खाली करून उभा राहायचा. रात्रभर तेलाचा भार त्याच सीलवर.

या चार-पाच दिवसांत खळ्यातली भाषा ऐकणे ही मला मिळालेली वेगळीच मिळकत. मिस्त्री हाताखालच्या पोरांना हुकूम द्यायचा ते कन्नडमध्ये. 'हिडी' म्हणजे धर, 'तडी' म्हणजे थांब, 'साकु' म्हणजे पुरे, 'बिडु' म्हणजे सोड. जड वस्तू दोघांच्या हातांत असताना दोन अक्षरांचेच शब्द लागतात. यंत्राचे भाग सगळे इंग्रजीत, पण आमच्या मुलखाच्या उच्चारात. दुकानदाराशी फोनवर भांडण हिंदीत. आणि बेअरिंगला काय झाले, ते का झाले, पुढे काय होईल, हे समजावून सांगायचे झाले की तो मराठीवर यायचा. वर्गात ज्याच्या तोंडून कारण-परिणामाचे एक वाक्य काढताना मी घामाघूम झालो होतो, तोच मुलगा 'म्हणून' आणि 'त्यामुळं' अशा नेमक्या जागी टाकत होता की मी मनातल्या मनात त्याचे गुण वाढवले.

पहिले सील आणले ते त्याने परत पाठवले. सीलवर तीन आकडे कोरलेले असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. हे यंत्र मूळचे इंचाच्या मापात घडलेले. दुकानात मिळाले ते मिलिमीटरमधले जवळचे माप. "बसतंय की," दुकानदार म्हणाला होता. "बसतंय, पण धरत न्हाई," मिस्त्री म्हणाला. योग्य मापाची सीले, बेअरिंग आणि कॉलर दोन दिवसांनी कोल्हापूरहून आली.

जुनी कॉलर त्याने गॅसने कापली नाही. ज्योत आसाला लागली तर आसाचे पाणी उतरते. ग्राइंडरने ती एका रेषेत जवळजवळ तळापर्यंत घासली, मग त्या खाचेत छिन्नी ठेवून एक घाव. कॉलर टणकन उकलली. आसावरचा चर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून नवे सील त्याने अगदी किंचित आत बसवले, म्हणजे ओठ चरावर न येता नव्या जागेवर टेकेल. ओठाला ग्रीस, स्प्रिंग तेलाच्या बाजूला. हे सील उलटे बसले तर सगळी कॉलर-फोड पुन्हा करायची, म्हणून त्याने दोनदा पाहिले, मग पुतण्याला बघायला लावले. बेअरिंग गावात लेथवाल्याकडच्या प्रेसमध्ये दाबून बसवले.

नवी कॉलर तापवण्याचा प्रसंग मी उभा राहून पाहिला. पोलाद तापत जाताना आधी पिकल्या गव्हाच्या काडीसारखा पिवळसर रंग चढतो, मग तपकिरी, मग निळा. मिस्त्रीला काडीचा रंग हवा होता. "निळी झाली तर जास्त झाली." ज्योत गोल फिरत होती, कोणी बोलत नव्हते. रंग आला तसा त्याने चिमट्याने कॉलर उचलून उभ्या आसावर सोडली; ती सरसर घसरत बेअरिंगवर जाऊन बसली. वरून पाइपाचा तुकडा ठेवून त्याने ती दाबून धरली. "तडी, तडी." एवढ्यात ती आक्रसली, आणि आता तिला कोणी हलवू शकत नव्हते. यात उशीर झाला असता आणि ती अर्ध्या वाटेत अडकली असती, तर दुसरी कॉलर आणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मंगळसूत्र बांधतानाही मी इतका दम धरलेला नव्हता.

पुढचे सोपे. आतले सील नळीत सरळ ठोकले, बेअरिंगमध्ये ग्रीस भरले, शिमा तारेतल्या क्रमाने घातल्या, आस आत सरकवून हाताने खेळ पाहिला. लायनर नवे घेतले. पुतण्याने विचारले होते की जुने पेट्रोलने धुऊन, जाळून चालतील का. चालत नाहीत, वरून कोरडे दिसतात आणि ब्रेक तापला की आतले तेल पुन्हा वर येते. नवे लायनर दोन्ही बाजूंना घातले, कारण एकीकडे नवे आणि एकीकडे जुने म्हणजे पुन्हा ओढ एकाच बाजूला. त्यासाठी उजवा ड्रमही उघडला. तो आत कोरडा ठणठणीत होता.

नंतर ट्रॉली न लावता, गावाबाहेरच्या मातीच्या रस्त्यावर मिस्त्रीने पुतण्याला ट्रॅक्टर चालवायला लावला. आधी हळूहळू दहा-बारा वेळा ब्रेक लावून लायनर बसवून घेतले. मग पेडलांची कडी घालून, जरा वेगात आणून, एकदम दाबायला सांगितले. धूळ उडाली. ती खाली बसल्यावर मिस्त्री ट्रॅक्टरकडे न जाता मागच्या रस्त्यावर जाऊन उकिडवा बसला. चाके घासत गेल्याचे दोन पट्टे मातीत उमटले होते. डावा पट्टा उजव्यापेक्षा वीतभर आखूड होता, म्हणजे डावे चाक उशिरा धरत होते. त्याने डावीकडचा ब्रेक थोडा आवळला, पुन्हा पळवायला लावले, पुन्हा जाऊन बसला. तिसऱ्या खेपेला दोन्ही पट्टे एकाच जागी सुरू झाले आणि एकाच जागी संपले. पुतण्याने उतरून ते पावलांनी मोजले.

माघी पौर्णिमेला माणसे बसने गेली. ही माझी अट होती आणि या खेपेला ती कोणी मोडली नाही. पुतण्याने ट्रॉलीतून भांडी, लाकडे, शिधा आणि तंबूचे सामान नेले, वडिलांच्याच वाटेने. येताना तवंदी घाट उतरल्यावर त्याने पायथ्याशी ट्रॅक्टर थांबवून मला फोन केला. "काका, डावं चाक बघितलं. कोरडं आहे."

ट्रॅक्टर आता खळ्याच्या सपाट कोपऱ्यात उभा राहतो. उजव्या बाजूची दोन्ही सीले मात्र जुनीच आहेत. मिस्त्री म्हणतो, यंदाचा ऊस तुटून जाऊ दे, मग उघडू.